भिवराईची विरी

फार वर्षांपूर्वी आपल्या निंभेरीच्या ओढ्याला बारा महिने पाणी असायचं. हसू नका, असायचं असं म्हणतात. तो ओढा ज्या वर्षी पहिल्यांदा आटला, त्या वर्षाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते मला सांगणारीला ठाऊक नव्हतं, तिला सांगणारीलाही नव्हतं, आणि गोष्टीला वय विचारत बसणाऱ्याच्या पदरात गोष्ट पडत नाही. तेव्हा हातातलं काम हातात राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

त्या काळी गावात गोजराबाई म्हणून एक बाई होती. तिच्या हातच्या भाकरीचं नाव पंचक्रोशीत होतं. काठवटीत ज्वारीचा उंडा ठेवून तिनं पंजा मारायला सुरुवात केली की उंडा आपणहून गोल गोल फिरायचा. भाकरी इतकी पातळ व्हायची की तिच्याआडून चुलीचा जाळ दिसायचा, आणि निखाऱ्यांच्या आरावर धरली की टम्म फुगायची. असं म्हणतात की एकदा तिची भाकरी फुगता फुगता तव्यावरून उठली आणि आढ्याला जाऊन टेकली, ती काठीनं खाली काढावी लागली. हे मी सांगत नाही, लोक सांगतात. मला एवढंच ठाऊक आहे की गोजराबाईला आपल्या भाकरीचा गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तो तिला शोभायचाही.

अशा बाईच्या घरात सून म्हणून आली ती भिवरा.

भिवराला माहेर नव्हतं. आईबाप नव्हते एवढंच नाही, माहेरचं गावच नव्हतं. ती लहान असताना एका दुष्काळात तिचं गाव उठलं. लोकांनी गाड्या जुंपल्या, कुणी उगवतीला गेलं, कुणी मावळतीला, आणि पुन्हा कुणाची कुणाला गाठ पडली नाही. भिंती ढासळल्या, आड बुजला, अंगणात बोरी माजल्या. पुढे पुढे त्या गावाचं नाव घेणारंही कुणी राहिलं नाही. भिवरा मग लांबच्या नातेवाइकांत, आज या दारी तर उद्या त्या दारी, अशी वाढली. तिनं शेण काढलं, गुरं राखली, पण चुलीपाशी तिला कुणी बसवलं नाही. परक्याच्या पोरीच्या हाती पीठ कोण देतं? त्यामुळे लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी येत नव्हती.

पहिल्याच दिवशी तिची भाकरी काठवटीतून उचलताना मधोमध फाटली. दुसरी तव्यावर मोडली. तिसरीचे तर मोजता न येण्याइतके तुकडे झाले.

"भाकर करतीस का घोंगडं फाडतीस गं?" गोजराबाई म्हणाली. शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं आणि भिवराचं नाव पडलं मोडकी. मोडकी पाण्याला आली, मोडकी जळणाला गेली, असं बायका तिच्यादेखत बोलायच्या.

पण या मोडकीत एक गुण होता. ती रडायची नाही. भाकरी मोडली की तुकडे गोळा करायची, पाण्याचा हात लावायची आणि पुन्हा मळायला घ्यायची. कुणी हसलं तर म्हणायची, "मोडली तर मोडली. पीठ कुठं पळून चाललंय?" अशा तिच्या भाकऱ्या मोडत राहिल्या. मग जरा कमी मोडायला लागल्या, मग कधीमधी. सासूसारखी भाकरी मात्र तिला काही साधली नाही.

आणि मग ते वर्ष आलं. ओढा आटला, आड आटला. ओढ्याच्या वाळूत झिरा काढून बसावं तेव्हा कुठे घागरीच्या तळाशी पाणी जमायचं. गुरं बरीचशी गेली. गावातली धडधाकट माणसं गावाबाहेरच्या खडकाळ उतारावर विहीर खणायला लागली, कारण तिथे पाणी आहे असं जुनी माणसं म्हणायची. वर माती नाहीच, नुसता काळा कातळ. सकाळी पहार हातात घ्यावी आणि दिवस मावळला तरी कातळाला ओरखडा पडल्यासारखा दिसावा, असं ते काम होतं.

घराघरातलं धान्य संपलं तेव्हा दौलत पाटलांनी गावाचं पेव उघडलं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं धान्याचं कोठार. चांगल्या साली भरायचं, तोंड लिंपून टाकायचं आणि वाईट साली उघडायचं. सगळ्या गावाची भिस्त त्या पेवावर होती. पण आत कधीतरी ओल शिरली होती. वर आलेली ज्वारी काळी पडली होती आणि तिला आंबूस वास मारत होता. लोकांनी ती उन्हात पसरली, बायकांनी जात्यावर दळली. पीठ दिसायला पिठासारखं दिसलं. पण हात लावला तर त्यात विरीच नव्हती.

विरी म्हणजे काय, ते आजकाल गिरणीचं ताजं पीठ खाणाऱ्यांना सांगावं लागतं. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, कणाला कण धरून ठेवण्याची ताकद. विरी गेलेलं पीठ कितीही मळा, ते वाळूसारखं सुटतं.

गोजराबाईनं पहिला उंडा घेतला. सगळ्या बायका भोवती बसल्या होत्या. तिनं पंजा मारला आणि उंड्याचा भुगा झाला. तिनं कढत पाणी ओतून पुन्हा मळलं, पुन्हा भुगा झाला. गोजराबाईची भाकरी जन्मात पहिल्यांदा मोडली होती. तिनं काठवट लोटून दिली, उठली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. ती जिथे हरली तिथे बाकीच्यांनी काय करावं? प्रत्येकीनं एकदा, फार तर दोनदा हात लावून पाहिला आणि पदर खोचत घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी गाव पारावर बोलावलं.

"पेवातली ज्वारी मेली," पाटील म्हणाले. "आंबील करावी तर पाणी कुठाय? घुगऱ्या शिजवाव्या तर पाणी कुठाय? आन् घुगऱ्या खाऊन कुणाच्या बाच्यानं पहार उचलत न्हाई. भाकर न्हाई तर हीर न्हाई, हीर न्हाई तर गाव न्हाई. येत्या बाजारच्या दिशी गाड्या जुपा."

लोक उठायला लागले. आणि मग बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "पाटील, मला बाजारापातूर पीठ द्या."

बोलणारी भिवरा होती. लोक हसले. त्या वर्षी गावात तेवढंच हसणं झालं असेल.

"अगं भवाने," गोजराबाई म्हणाली, "माझ्या हातानं झाली न्हाई, ती तुझ्यानं व्हईल व्हय?"

"आत्याबाई, तुमची भाकर कंदी मोडली न्हाई," भिवरा म्हणाली. "काल पयल्यांदा मोडली आन् तुमी उठला. माझी रोज मोडायची. मला मोडल्याली भाकर बघायची सवय हाय." आणि मग पाटलांकडे न बघता, खाली मातीकडे बघत ती म्हणाली, "माझं एक गाव गेलं. कसं जातं ते म्या बघितलंय. ह्ये म्या जाऊ देणार न्हाई."

पाटील भला माणूस होता. त्यानं पीठ दिलं. पण तो पाटीलही होता, म्हणून त्यानं अट घातली. "भाकर निसती तव्यावर टिकून भागायचं न्हाई. फडक्यात बांधून हिरीपातूर न्यायची. तिथं फडकं सोडल्यावर सगळी आख्खी निघाली, तर गाड्यांची बैलं सोडू."

भिवरा काठवटीपुढे बसली. असं म्हणतात की ती बसली ती बाजारच्या दिवसापर्यंत उठलीच नाही. हे काही खरं नव्हे, जळणाला कोण गेलं असतं मग? पण बाकी सगळा वेळ ती पिठाशी झुंजत होती. तिनं कढत पाण्यात मळून पाहिलं. कोमट पाण्यात मळून पाहिलं. सांदीकोपऱ्यात सापडलेलं मूठभर जवस कुटून घातलं. मोडली. तिनं पीठ चाळून मळलं, न चाळता मळलं, तळहाताच्या बुडानं इतकं रगडलं की खांदे सुजले. मोडली. दरवेळी ती तुकडे गोळा करायची, पुन्हा ऊन दाखवायची, पुन्हा कुटायची, कारण पीठ वाया घालवायची सोय नव्हती. भिंतीला टेकून बसलेली गोजराबाई बघत होती. पहिल्या दिवशी ती टोचून बोलत होती. मग नुसती बघत राहिली.

जळणाला शेण्या उरल्या नव्हत्या. गाडीच्या बैलांपलीकडे गुरंच नव्हती, तर शेणी कुठून येणार? म्हणून भिवरा ओढ्याकाठच्या बाभळींच्या वाळक्या फांद्या मोडून आणायची. बाजारच्या आदल्या दिवशी ती अशीच फांद्या घेऊन आली. हातांत काटे मोडले होते, तळव्यांना रक्त आणि बाभळीचा डिंक माखला होता. एरवी गोजराबाईच्या घरात न धुतलेल्या हातानं पिठाला शिवायची कुणाची टाप नव्हती. पण हात धुवायला पाणी होतं कुठे? भिवरानं हात पदराला पुसले आणि पिठात घातले.

आणि ती तशीच थांबली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "पीठ चिकटलं."

"चिकटंल न्हाईतर काय? हात बघ आपलं. निसती घाण."

"घाण न्हवं, आत्याबाई. डिंक हाय."

गोजराबाई भिंतीपासून उठली. काठवटीपाशी येऊन तिनं सुनेचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, तळव्याला चिकटलेलं पीठ नखानं काढून पाहिलं. निघता निघेना. मग तिनं काय करावं? तिनं आधण चढवलं. "गार पाण्यात डिंकाच्या गाठी व्हतात," ती म्हणाली. "बाळंतिणीचं लाडू काय तू वळलीस व्हय कंदी? जा, अजून डिंक आण."

काही लोक इथे देवीला आणतात. म्हणतात, देवी बाभळीत बसली होती आणि भिवरानं पदर पसरल्यावर तिनं झाडाझाडातून डिंकाच्या धारा सोडल्या. मला नाही पटत. देवीला द्यायचंच होतं तर तिनं नीट पीठ दिलं नसतं का? उन्हाळ्यात बाभळीला डिंक येतो, त्यात नवल नाही. तो सगळ्यांनी पाहिला होता. पण सगळ्यांनी दुसऱ्या मोडक्या भाकरीला हात झटकले होते, आणि ही अजून मळतच होती. माझ्या मते नवल ते हे. बाकी बाभळीचं म्हणाल तर एवढं खरं, की भिवरा ओच्यात डिंक घेऊन आली तेव्हा ओचा इतका जड होता की तिला वाकून चालावं लागत होतं.

एवढं करून पहिली डिंकाची भाकरी तव्यालाच चिकटून बसली. डिंक जास्त झाला होता. दुसरी दातानं तुटेना. पुढची थोडी बरी झाली. सासू आधणात डिंक विरघळवत होती, सून मळत होती, आणि दोघींत कामापुरतंही बोलणं होत नव्हतं. दिवस मावळायच्या सुमारास भिवरानं एक उंडा थापला. तो पसरत गेला. काठाला एक चीर पडली नाही. तिनं तो दोन्ही हातांवर उचलला, तव्यावर टाकला, पाणी फिरवलं, उलटला, आरावर धरला. आणि त्या काळ्या, आंबूस, मेलेल्या ज्वारीची भाकरी हळूहळू फुगली.

गोजराबाई पदरानं डोळे पुसून म्हणाली, "धूर लई झालाय."

बाजारच्या दिवशी सकाळीच गाड्या जुंपून उभ्या होत्या. भांडीकुंडी वर चढली होती. म्हाताऱ्यांना उचलून गाडीत बसवलं होतं. भिवरा ताजी भाकरी घेऊन पारावर आली. पाटलांनी आपला रुमाल पुढे केला, पण गोजराबाईनं तो घेतला नाही. तिनं आपल्या लुगड्याचं फडकं काढलं, भाकरी त्यात बांधली आणि कमरेला खोचली.

"सुनंनं केलीय, म्या नेणार," ती म्हणाली. "मोडली तर लोकांनी मला नावं ठेवावी."

ती पुढे आणि सगळं गाव मागे. विहिरीकडचा तो उतार तुम्ही रोज चढता, पण चपला घालून. तेव्हा तिथे पायवाट नव्हती. विहीर हाकेच्या अंतरावर राहिली असेल, तेवढ्यात घासून गुळगुळीत झालेल्या एका खडकावरून गोजराबाईचा पाय सटकला. ती दोन्ही गुडघ्यांवर आपटली आणि तशीच कमरेवर कलंडून, भाकरी अंगाखाली घेऊन, खाली घसरत आली. असं म्हणतात की तेव्हा वारा थांबला, बैलांनी माना हलवायच्या सोडल्या आणि गाडीतल्या तान्ह्या पोरांनी रडणं गिळलं. एवढं मात्र नक्की की भिवरानं डोळे मिटून घेतले. तिला पुन्हा आपल्या उठलेल्या गावाच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या.

गोजराबाई उठून बसली. गुडघ्यांतून रक्त वाहत होतं, तिकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. तिनं कमरेचं फडकं काढलं, मांडीवर ठेवलं आणि गाठ सोडली. भाकरी वाकली होती, घडी पडली होती, पण कुठेही तुटली नव्हती. तिनं ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि उतारावरून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"गुडघं फुटलं, भाकर न्हाई!"

पाटलांनी जवळ येऊन भाकरी उलटसुलट करून पाहिली. मग मागे वळून म्हणाले, "बैलं सोडा."

त्या भाकरीचा पहिला तुकडा गोजराबाईनं मोडला तो भिवराच्या तोंडात घातला. बाकीचा विहिरीवरच्या सगळ्यांत वाटला, आणि असं म्हणतात की घास घास करत ती एक भाकरी अख्ख्या गावाला पुरली. त्याच दुपारी भिवरानं घरोघर जाऊन बायकांना डिंकाचं प्रमाण दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून निंभेरीच्या घराघरात थापण्याचे आवाज घुमायला लागले आणि पुरुषांच्या कमरेला भाकरी बांधलेली दिसायला लागली. पहारी पुन्हा कातळावर पडू लागल्या.

एकदा ऐन दुपारी खणणारे विहिरीच्या तळाशी टेकले होते. कुणीतरी कातळाला कान लावला. खालून आवाज येत होता, थप, थप, थप. वर गावात बायका भाकऱ्या थापत होत्या आणि खाली कातळाच्या पोटात कुणीतरी त्याच ठेक्यात थापत होतं. त्यांनी तिथेच पहार घातली आणि पाणी लागलं. विहीर मी पाहिली आहे, तुम्हीही पाहिली आहे. तो आवाज मी काही ऐकलेला नाही. पण पाणी गोड आहे, आणि निंभेरी जागच्या जागी आहे.

मोडकी हे नाव त्या दिवसापासून कुणी उच्चारलं नाही. भिवराची भिवराई झाली. ती म्हातारी होऊन गेली, पण कुठल्या साली गेली ते सांगता येत नाही. तिचं देऊळ नाही. मागे एकदा पुरुषांनी वर्गणी काढायचा घाट घातला होता, तर बायका म्हणाल्या, देवळाला कुलूप लागतं, चुलीला लागत नाही, राहू द्या. सुनेचं देऊळ नाही, पण सासू पडली त्या खडकाला मात्र नाव आहे, गोजरीची घसर. जगात सासवांना नाव मिळतं ते असं.

आणि चैत्री पुनव उलटली की येणाऱ्या पहिल्या बाजारच्या दिवशी निंभेरीतलं कुणी बाजाराला जात नाही. त्या दिवशी घराघरातून मूठ मूठ पीठ येतं. कुणाचं ज्वारीचं, कुणाचं बाजरीचं, कुणाचं चांगलं, कुणाचं विरी गेलेलं. सगळं एका काठवटीत पडतं. बाभळीच्या डिंकाचं आधण ओतायचं आणि गावातल्या सगळ्या सुनांनी एकेक थाप मारून एक भाकरी करायची. लग्न होऊन लांब गेलेल्या लेकी येतात, पुण्याला कामाला गेलेली पोरं येतात. मग गावातली सगळ्यांत म्हातारी सासू ती भाकरी कमरेला बांधते आणि उतार चढते. गोजरीच्या घसरीपाशी आली की तिनं पडायचं. खरोखर पडायचं. खाली उभं असलेलं गाव विचारतं, "फुटलं काय?" आणि तिनं भाकरी वर धरून उत्तर द्यायचं. ते काय ते तुम्हाला ठाऊक आहे. मग प्रत्येकाला तुकडा मिळतो आणि ज्याला जिथे जायचं तिथे तो घेऊन जातो.

यंदा गेल्या सालची मानकरीण राहिली नाही, तेव्हा सगळ्यांत म्हातारी सासू आता मीच. सुना म्हणतात, "आई, तुमचे गुडघे आधीच गेलेत. नुसतं बसल्यासारखं करा, लोक समजून घेतील." बसल्यासारखं कशाला? गाव काय राहिल्यासारखं राहिलं होतं का? मी नीट पडेन. तुम्ही भाकरी नीट थापा.